सासूबाईंची वंशावळ आणि बेकायदा कृती

"पंधरा मिनिटं, बाबा! चहा निवायच्या आत उघडून देतो!" असं मी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं. चुकलंच माझं.

चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्याआधी त्यांनी फोन करकरून चारशे बारा नातेवाइकांची वंशावळ एका प्रोग्रामात भरली होती. त्यांचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, म्हणून मी सगळं नव्यावर आणलं. पण नवी सिस्टीम त्या म्हाताऱ्या प्रोग्रामला ओळखच दाखवेना! मग मी सेटिंगमध्ये जाऊन 'जुन्या सिस्टीमसारखं चालव' यावर खूण केली. लगेच पडद्यावर इंग्रजी पाटी झळकली. सासऱ्यांनी चष्मा सावरून अर्थ लावला, "बेकायदा कृती झाली आहे."

पस्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस! चेहरा पांढराफटक.

"बेकायदा? माझ्या घरात?"

"अहो बाबा, ती कॉम्प्युटरची बोलायची पद्धत आहे!"

पण ते इस्त्रीचा शर्ट चढवून शेजारच्या वकीलबाईंना घेऊनच आले.

"कृती कुणी केली?" बाईंनी विचारलं.

"जावयांनी," सासरे म्हणाले. "हेतू वाईट नसावा."

माझी उलटतपासणी चालू असतानाच मी ती पाटी मिटवून पुन्हा प्रयत्न केला. प्रोग्राम उघडला आणि म्हणाला, परवान्याची मुदत संपली! मी कॉम्प्युटरची तारीख अकरा वर्षं मागे नेली. झालं! वंशावळ हजर. सासऱ्यांच्या नावाशेजारी सासूबाईंचं नाव. वय एकसष्ट. हयात.

 वकीलबाई उगाच खिडकीकडे बघू लागल्या.

"बाबा, तिथे... त्या गेल्याची तारीख भरायची का?" मी चाचरत विचारलं.

"नको. तिनं भरलंय तेवढंच राहू दे." मग म्हणाले, "कागदावर काढून द्या मला."

"एका मिनिटात!" मी म्हणालो. पण नवा प्रिंटर जुन्या प्रोग्रामशी बोलेचना!

शेवटी सासऱ्यांनी वही काढली. गेले आठ दिवस मी वाचतोय, ते लिहून घेतायत. प्रत्येक नावापुढे सासूबाईंचा शेराही आहे, आणि तोही गाळायचा नाही अशी सक्त ताकीद. काल माझं नाव आलं. मी घाईघाईनं पुढच्या नावावर गेलो.

"थांबा. शेरा?"

मी वाचला, "मुलगा मनानं चांगला. हुशारीचं अजून कळत नाही."

सासऱ्यांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवला, आणि खाली दोनदा रेघ मारली.