खणांतले पेरू

ट्रंकेतले खण. एका ओटीतून आलेले, दुसऱ्या ओटीत जायचे, ब्लाउज मात्र कुणीच न शिवलेले.

बदनापूरला दिलेली थोरली बहीण आशाबाई. दोन वर्षं पंचमीला माहेरी आली नाही.

फळमाशी. पिवळसर, कंबर गांधीलमाशीसारखी, रुबाब पाटलिणीचा.

केदारखेड्यातलं, वडिलांनी लावलेलं पेरूचं झाड.

या चार गोष्टी आबारावांच्या डोक्यात एकाच सकाळी एकत्र आल्या, तिथंच घोटाळा झाला.

पूर्वी पंचमीचा झोका याच झाडाला असायचा. आशाबाई झोक्यावरून पायानं पेरू पाडायची आणि धाकटे आबाराव सदऱ्याचा ओचा करून झेलायचे. पण तीन वर्षांपूर्वी आशाबाईनं पेरूचा चावा घेतला, तर आतली अळी टुणकन उडी मारून नव्या साडीवर बसली. भावजयीनं मुद्दाम किडका निवडून दिला, असं म्हणून आशाबाई जी गेली ती गेलीच.

"औंदा आक्काला बिनअळीचा पेरू खाऊ घालतो का न्हाई, बघ," आबाराव बायकोला म्हणाले. मोबाईलवर त्यांनी सगळं पाहिलं होतं. मादी सालीला टोचून आत अंडी घालते, अळ्या गर खातात, पेरू गळतो, अळ्या मातीत शिरून कोष करतात, आणि त्यातून पुन्हा माशा. उपाय सोपा होता: फळाला कापड बांधा.

"कापड कुठून आणणार?" तुळजाबाईनं विचारलं.

"ट्रंकेत ढीग पडलाय की."

"अहो, ते खण हायेत. ओट्या भरायचे."

"मंग पेरूची भर ओटी."

संध्याकाळपर्यंत झाड वऱ्हाडाला निघाल्यासारखं नटलं. सकाळी शेताला निघालेली शेजारची मालनबाई थबकली. तिनं चपला काढल्या.

"भावजी, देवी कवा आली?"

"देवी न्हाई, मालनबाई. माशीसाठी केलंय."

"माशीच्या रूपात आली व्हय," म्हणत तिनं हात जोडले.

दुपारी खोडाला कुंकू लागलं. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. बायका आपापले खण आणून बांधू लागल्या. ट्रंका काय सगळ्यांच्याच भरलेल्या. गळलेले पेरू प्रसाद म्हणून घरोघर गेले. प्रसाद जरा वळवळत होता, पण तक्रार कोण करणार?

पंचमीच्या आदल्या दिवशी आबारावांनी पिकलेल्या पेरूला हात घातला, तर मागून मालनबाई म्हणाली, "देवीला इचारलं का, भावजी?"

स्वतःच्या झाडाखालून आबाराव रिकाम्या हातांनी परतले.

फोनवर शपथा घातल्या होत्या म्हणून आशाबाई आली. झाडाला हळदीकुंकू वाहिलं आणि एका हिरव्या खणाकडे टक लावून बघत राहिली.

"वहिनी, ह्यो मी तुला दिल्ता."

तुळजाबाईनं डोळे वटारून नवऱ्याकडे बघितलं. आबारावांना वाटलं, आता ही आल्या पावली परत जाते.

"अन् त्याच्याआधी तूच मला दिल्ता," आशाबाई म्हणाली.

मग दोघी अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावे लागले. झाडाखाली बसून त्या एकेक खण ओळखू लागल्या. हा कुणाच्या बारशाचा, हा कुणाच्या लग्नातला. एका विटक्या, जरीकाठी खणापाशी आशाबाईचा हात थांबला.

"आईचा हाय ह्यो."

तिनंच उठून गाठ सोडली. माहेरवाशिणीला अडवायला मालनबाईलाही तोंड नव्हतं. पंचमीला विळी-चाकू बंद, म्हणून आशाबाईनं पेरू हातानंच फोडला.

आत अळ्यांची जत्रा भरली होती.

आबारावांचा चेहरा पडला. "आक्का, तुझी आण, मी सगळं बराबर केल्तं."

आशाबाईनं अळ्या असलेली फोड कोंबड्यांपुढं टाकली, उरलेली पदरानं पुसली आणि चावा घेतला.

"लहानपणी आपण कुठं बघून खात होतो रे? पुढच्या पंचमीला झोका बांधून ठेव."

माशी अंडी घालून गेली होती, ती खण बांधायच्या आधीच्या आठवड्यात.