खिसे रिकामे, तोंड बंद

रंगनाथकाकांच्या घरी गेलात तर ते "या, बसा" म्हणत नाहीत. दारातच हात पुढं करतात आणि म्हणतात, "खिसे!" मग मोबाइल, किल्ल्या, तंबाखूची पुडी, सगळं स्टुलावरच्या ताटात काढून ठेवायचं. मी एकदा नुसता पेपर मागायला गेलो होतो, तर मला कंबरेचा पट्टा काढायला लावला. आता सांगा, शेजाऱ्याकडं पेपर मागायला एका हातानं पँट धरून उभं राहायचं म्हणजे काय!

काका तीस वर्षं वैजापूर गाडीवर कंडक्टर होते. बूड टेकायची सवयच नाही. स्वतःच्या घरातही खुर्चीची पाठ धरून उभे असतात. चुकून बसलेच तर उजवा पाय असा हलवतात की टीपॉयवरचा चहा बशीत सांडतो. आमच्या सिडकोतल्या भजनी मंडळानं तुरुंगातल्या लोकांना भेटायला जायचं ठरवलं, तेव्हा परवानगीच्या अर्जासाठी धावपळ केली ती काकांनीच. पलीकडच्या मशिदीतले सलीमभाईही आमच्यात आले.

पहिल्या खेपेला आम्ही थाटात निघालो. टाळ, बुक्का, पेढे, सगळं बरोबर. फाटकावर सगळंच अडवलं. एकेक वस्तू काढून दाखवण्यातच भेटीची वेळ संपली, आणि पेढे आम्हीच रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्ले. काका भडकले. "आत माणूस वाट बघत बसलाय आन् तुम्ही इथं पेढे खाताय व्हय?" तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या घरी आमची तालीम सुरू झाली.

तालमीत कैदी व्हायचे काका. सतरंजीवर बसायचे, आपण समोर बसायचं. मान खाली घालून, सतरंजीचे दोरे उपसत ते म्हणायचे, "मला काय नको. जा तुम्ही." इथून पुढं परीक्षा. गुन्हा विचारायचा नाही. उपदेश करायचा नाही. देवाचं नाव त्यानं काढलं तरच आपण काढायचं. 'पुन्हा येईन' असं मोघम बोलायचं नाही, वार सांगायचा आणि त्या वारी मेलं तरी यायचं. तो गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, पण उठायचं नाही. आणि आतलं बोलणं बाहेर आणायचं नाही.

मी शाळामास्तर. पंचवीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतला. मला कसलं गप्प बसवतंय! तिसऱ्या मिनिटाला माझ्या तोंडून निघालंच, "हे बघ बाळा, चुका सगळ्यांच्याच होतात..."

"नापास!" काका ओरडले. "उतरा खाली!" आता सतरंजीवरून माणूस कुठं उतरणार?

असे चार रविवार मी नापास झालो. वैतागून एकदा सलीमभाईंना म्हणालो, "काय माणूस आहे हो! आम्हाला पिळून काढतो. दर गुरुवारी भेटीला निघालो की तुरुंगाच्या फाटकापर्यंत येतो, आमचे मोबाइल सांभाळत बाकावर बसतो, पण स्वतः काही आत येत नाही."

सलीमभाई चालता चालता थांबले. "मास्तर, तुमको मालूम नहीं? काकांचा पोरगा आत हाय. दोन वर्षं झाली, बापाला भेटायला नाय म्हणतो. मी दोनदा बसलो त्याच्यासमोर. दोन मिनिटांत उठून गेला."

मला माझ्याच जिभेची लाज वाटली. काका दर रविवारी सतरंजीवर बसून स्वतःच्या पोराचं सोंग घेत होते, आणि मी त्या पोराला उपदेश पाजत होतो.

गेल्या गुरुवारी सलीमभाई तापानं पडले. त्यांच्या जागी मी. फाटकापाशी काकांनी माझे खिसे दोनदा तपासले, मग तिसऱ्यांदा. "मास्तर," ते म्हणाले, "लई शिकवू नका. पाया पडतो तुमच्या."

आत तो समोर येऊन बसला. तिशीचा असेल. मान खाली. चटईची काडी उपसत म्हणाला, "मला काय नको. जा तुम्ही."

शब्दन्‌शब्द तेच. जीभ वळवळत होती, ती दातांखाली धरली. तो अर्धवट उठला. मी तसाच बसून राहिलो. तो पुन्हा खाली बसला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, घड्याळ काकांकडं होतं. मग खालीच बघत त्यानं विचारलं, "बाहेर बाकावर बसलेत ना? पाय हलवतात का अजून?"

"हलवतात," मी म्हणालो, आणि जन्मात पहिल्यांदा त्यापुढं काही बोललो नाही. उठताना एवढंच सांगितलं, "गुरुवारी येतो." त्यानं मान डोलावली.

बाहेर काकांचा पाय थडथडत होता. त्यांनी माझा मोबाइल, घड्याळ, पट्टा, एकेक करून हातात दिलं. मला राहवेना.

"काका, तुमचा पाय अजून हलतो का, असं विचारलं त्यानं."

"आतलं बाहेर आणायचं नाय!" काका खेकसले. "किती येळा सांगितलं, मास्तर? किती येळा..."

आणि त्यांचा पाय थांबला. रिक्षावाला येऊन हॉर्न वाजवायला लागला, तरी काका उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून फाटकाकडं बघत बसले. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "आनखी काय म्हणला?"