कार्यान्वित आप्पा

आमच्या केंदूरचे आप्पा कुठलीही गोष्ट नुसती करत नाहीत, ‘कार्यान्वित’ करतात. मग ती विहिरीवरची मोटर असो की पानाला चुना लावणं असो. आमच्या ओट्यावर टेकले की आत डोकावून हाक देतात, “वहिनी, च्या कार्यान्वित करा!” मी घसा कोरडा करून मागितला तरी ढिम्म न हलणारी माझी बायको लगेच हसत आधण ठेवते.

हा शब्द त्यांना मीच दिला, हे माझं दुखणं. शिरूरच्या एका बैठकीत साहेब म्हणाले, “योजना कार्यान्वित झाली पाहिजे.” आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. “गुरुजी, म्हंजी काय वो?”

मी पडलो शाळामास्तर. ऐटीत सांगितलं, “नुसतं बोलायचं नाही, प्रत्यक्षात सुरू करून दाखवायचं.”

झालं! माणूस सुटलाच.

फाट्यावर एस.टी.ची वाट बघणाऱ्यांना सावली हवी, ही कल्पना ग्रामसभेत मी मांडली. चांगला अर्धा तास बोललो, टाळ्याही पडल्या. आठवड्याच्या आत आप्पांनी स्वतःच्या गोठ्यावरचे पत्रे उचकटून तिथं शेड ठोकली. म्हशी उन्हात, गाव सावलीत. आणि नाव काय पडलं? ‘आप्पांची शेड’! मी रोज तिच्याखाली उभा राहतो आणि रोज जळतो.

मग त्यांची म्हैस व्याली. आप्पांच्या घरात आता बाईमाणूस उरलेलं नाही, म्हणून चीक आमच्याकडे आला. बायकोनं वेलदोडा घालून खरवस केला. अर्धा डब्यात भरून घेतला तरी आप्पा ओट्यावरून उठेनात.

“पोराला लई आवडतो,” ते म्हणाले.

पोरगा सणसवाडीला कंपनीत, भाड्याच्या खोलीत. शेती सोडली म्हणून आप्पा त्याला नको ते बोलले होते. तेव्हापासून येणं-जाणं बंद.

“मग द्या की नेऊन,” मी म्हणालो.

“जातू की. कंपनीच्या गेटापस्तोर जातू आन् माघारी येतू. पाय फुडं पडत न्हाई.”

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. या माणसाला न जमणारं काहीतरी निघालं म्हणायचं!

तेवढ्यात आत माझी पोरं खरवसाच्या वडीवरून भांडायला लागली. मी खेकसलो.

“भांडू द्या, गुरुजी,” आप्पा हळूच म्हणाले. “भांडाया बी घरात दुसरं माणूस लागतं.”

मी चपला घातल्या, डबा उचलला. “चला. दार मी वाजवतो.”

एस.टी. शिक्रापूरच्या पुढं गेली, तेव्हा खिडकीकडं तोंड करून त्यांनी विचारलं, “त्यानं दार उघडलं, तर आधी काय बोलू वो?”

“जेवलास का म्हणा.”

सणसवाडी येईपर्यंत आप्पा तेवढंच ओठांतल्या ओठांत घोकत होते.