चौथ्या पायाचा वॉल्ट्झ

कुठल्याशा एका जंगलात, बाळांनो, सदोबा नावाचा एक सारस राहत होता. ते जंगल नेमकं कुठं आहे, हे विचारू नका. विचारणाऱ्यांना तिथं फारसं चांगलं वागवत नाहीत.

सदोबा राजाच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. हत्तीपासून नाकतोड्यापर्यंत सगळे त्याच्या चोचीकडं बघून वाजवत. त्याच्या बायकोचं नाव सगुणा. सारस जोडीनं नाचतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण मागं सगुणाचा पाय फासात अडकला. पाय सुटला, पण लंगडा झाला. तेव्हापासून ती नाचली नव्हती. सदोबाही नाचला नव्हता. त्याला कुणी विचारलं, तर तो म्हणे, ‘कामातून वेळ होत नाही.’

एकदा सिंहमहाराज परदेशी जाऊन आले. तिकडच्या दरबारात त्यांनी वॉल्ट्झ पाहिला. जोडीजोडीनं गोल फिरत नाचायचं. तीन मात्रा. एकवर जोर द्यायचा, दोन आणि तीन हलकेच घ्यायच्या.

“हे आपल्याकडं का नाही?” महाराजांनी विचारलं.

महाराजांनी असं विचारलं, की ती गोष्ट आपल्याकडं आणावी लागे. त्यांच्या वाढदिवसासाठी वॉल्ट्झ बसवायचा हुकूम सदोबाला झाला.

सदोबा तळ्याकाठी बसून विचार करू लागला. समोरून सगुणा येत होती. चांगला पाय ठामपणे पडे. लंगडा पाय जमीन एकदा चाचपडून मग टेके. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. सदोबानं तिचीच लय धरली. संथ, पण रेंगाळणारी नाही. त्यात कोमल गंधार घातला. सूर जरा उदास झाला, पण ऐकल्यावर बरं वाटावं असा उदास.

सगुणानं मान वाकडी करून ऐकलं. “अहो, यावर मला नाचता येईल बहुतेक.”

“तुझ्यासाठीच आहे,” सदोबा म्हणाला. “महाराजांना सांगू नकोस.”

तालमीला प्रधानजी आले. प्रधानजी म्हणजे तरस. सोबत सेनापती गवा.

“गंधार कोमल का?” तरसानं विचारलं. “महाराजांच्या राज्यात कोमल काही नको.”

“मग शुद्ध घ्यावा लागेल.”

“म्हणजे आत्ता अशुद्ध आहे?” तरस दचकला. त्यानं तो गंधार तिथल्या तिथं काढून टाकायला लावला.

मग स्वरपट्टीचा प्रश्न निघाला. महाराज ज्या पट्टीत गुरगुरतात, तीच पट्टी ठरली. ती इतकी खाली होती, की बुलबुलांचा आवाज तिथवर पोचेना. त्यांना नुसती चोच उघडमीट करायला सांगितलं.

“लय वाढवा,” सेनापती म्हणाले. “इतकं संथ ऐकून शेजारच्या जंगलाला वाटेल, आपण थकलोय.”

लय दुप्पट झाली.

“आणि भाव?” सदोबानं हळूच विचारलं.

“भाव आनंदी. वाढदिवसाला दुसरा चालत नाही.”

इथवर सदोबानं सोसलं. पण तेवढ्यात बाहेर गलका झाला. जंगलातले सगळे चतुष्पाद मोर्चा घेऊन आले होते. मात्रा तीन, पाय चार. चौथ्या पायानं करायचं काय? हा दोन पायांवाल्यांचा कावा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. एका रानडुकरानं आपला मागचा डावा पाय वर धरून दाखवला. तो बघून पुष्कळांना भरून आलं.

तरस म्हणाला, “मागणी रास्त आहे. सदोबा, एक मात्रा वाढवा.”

“प्रधानजी, मग तो वॉल्ट्झ राहत नाही.”

“नाव तेच ठेवू.”

घरी येऊन सदोबानं सगुणाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “असू द्या. मी बघायला येईन.” पण त्या दिवशी ती जेवली नाही.

वाढदिवसाला माळावर सगळं जंगल जमलं. सदोबानं चोच हलवली. एक, दोन, तीन, चार. नगारा दणाणला. जोड्या गोल फिरायला उभ्या होत्या, पण त्या ठेक्यावर पाय गोल फिरेनात. ते सरळच जायला लागले. पुढं सेनापती, मागं हरणं, रेडे, डुकरं. शेवटी वादकही वाजवत वाजवत त्यांच्या मागं गेले. महाराजांना वाटलं, वॉल्ट्झ असाच असतो. तेही निघाले.

माळ रिकामा झाला. सदोबा आणि सगुणा दोघंच उरली.

“आता जरा जागा झाली,” सगुणा म्हणाली.

सदोबानं आपला मूळचा सूर गुणगुणायला घेतला, कोमल गंधारासकट. सगुणानं पंख उघडले. पहिल्या फेरीत ती अडखळली. दुसऱ्या फेरीत सदोबा अडखळला, कारण तो तिच्याकडं बघत होता. मग दोघं नाचतच राहिली.

बऱ्याच वेळानं मंडळी परत आली, ती शेजारचं जंगल जिंकूनच. कूच करत येणारं एवढं सैन्य बघून तिथल्या राजानं न लढताच शरणागती पत्करली होती. महाराज खुशीत होते. त्यांनी तिथल्या तिथं सदोबाच्या गळ्यात सुवर्णपदक घातलं.

मग त्यांना आठवलं, की आपण माळावर पोचलो तेव्हा ही दोघं नाचत होती. “तुम्ही दोघं मघाशी हे काय करत होता?”

“वॉल्ट्झ, महाराज.”

“वॉल्ट्झ तर आम्ही आत्ता करून आलो.”

तरसानं कानाशी लागून सांगितलं, की या दोघांच्या नाचात चौथ्या पायाचा अपमान आहे आणि गंधारही अशुद्ध आहे. महाराजांचा नाइलाज झाला. वॉल्ट्झ रचल्याबद्दल सदोबाला पदक मिळालं होतं. तोच वॉल्ट्झ नाचल्याबद्दल त्याला सपत्नीक हद्दपार करण्यात आलं.

पदक जड होतं. त्यामुळं उडता येईना. दोघं चालतच गेली, सगुणाच्या चालीनं.

तात्पर्य : बाळांनो, प्रधानजींना हसू नका. सदोबाच्या वॉल्ट्झवर फार तर दोघं नाचली असती. तो इतका बिघडवला, म्हणून तर शेजारचं जंगल मिळालं.