रिव्हॉल्व्हरची पसंती

आमच्या गावात माणूस पिस्तूल निवडत नाही, पिस्तूल माणूस निवडतं. परवाना सरकार देतं, पण पुढे पसंती लागते, आणि त्यासाठी पिस्तूल रीतसर घरी बघायला येतं.

मला ते हवं होतं माझ्या धाकट्या दिरापायी. हे गेल्यापासून रामकिसनला माझं घर हवंय. भर दुपारी येऊन त्यानं दारावर पहार घातली. "वहिनी, पुढच्या वेळी दार नाही, डोकं फुटेल," असं साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगून गेला. आळीनं खिडक्या लावून घेतल्या. मेल्यांनो, निदान "काय झालं" म्हणून तरी विचारायचं!

म्हणून मी दुकानदार तांबोळीभाईंना निरोप धाडला. ते आधी एक काळं, जाडजूड पिस्तूल घेऊन आले. मी काठाची साडी नेसून पोहे करून बसले होते. पिस्तुलाला पाटावर टॉवेल अंथरून बसवलं. त्यानं मला सुईत दोरा ओवायला सांगितला. दोरा काही केल्या जाईना.

"हात कापतो," ते म्हणालं.

"सरावानं जाईल हो. सरावासाठीच तर हवंय."

"आमच्या घरात तयार हाताची सवय आहे," असं म्हणून ते पिशवीत जाऊन बसलं. पोह्यांकडे बघितलंसुद्धा नाही. इतका राग आला म्हणून सांगू!

मग आलं एक छोटं रिव्हॉल्व्हर. साधं, बोलायला मऊ. मला एकदम आवडलं. त्यानं हातात घेऊ दिलं, आणि मूठ अशी बसली की वाटलं, सुटले बाई.

"भीती कुणाची वाटते?" त्यानं विचारलं.

तांबोळीभाई मागून मान हलवत होते, कुणाची नाही म्हणा म्हणून. पण जन्माची सोबत करायची त्याच्याशी पहिल्याच दिवशी खोटं कसं बोलायचं? मी सगळं सांगितलं. रामकिसन कसा चालतो, कसा ओरडतो, पहार कशी एका हातानं उचलतो. सांगता सांगता रडले. रिव्हॉल्व्हरनं मधे एकदाही तोडलं नाही.

"कळवतो," ते म्हणालं.

मी रोज वाट बघायची. शेवटी तांबोळीभाई आले ते आत न येता पायरीवरच बसले.

"नकार आहे, ताई. बाई भली आहे म्हणतं, पण घाबरलेली आहे. घाबरलेल्याकडे नांदायला नको वाटतं."

"अहो, जो घाबरलेला नाही त्याला ते लागतंय कशाला?"

"तेच मी म्हटलं. पण त्याची दुसरीकडे पसंती झालीय."

"कुठं?"

तांबोळीभाई चपलेचा पट्टा ओढत बसले. "रामकिसनभाऊंकडे. तुम्ही इतकं सांगितलंत त्यांच्याविषयी, त्याला बघावंसं वाटलं. ते म्हणाले, मला कुणाची भीती नाही. तिथल्या तिथं होकार दिला त्यानं."

मला रडूही आलं नाही. आता काही उरलं नाही, एवढंच कळलं. तांबोळीभाईंना चहा विचारायचं राहून गेलं.

रामकिसन काल सकाळी आला. या खेपेला कडी वाजवून आला. अंगावर इस्त्रीचा सदरा होता.

"वहिनी, सराव करायचाय. नवं आहे, अनोळखी माणसासमोर बुजतं. तुम्हाला ओळखतं म्हणालं."

"नमस्कार, बाई," त्याच्या हातातलं रिव्हॉल्व्हर म्हणालं. "बऱ्या आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "कुठं उभी राहू?"

"मागच्या भिंतीपाशी. तिथं उजेड चांगला आहे."

मी गॅसवरचं दूध उतरवलं, झाकण ठेवलं आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.