मास्तरांनी बेतलेली मॅकरोनी

"एक शब्दसुद्धा बोलायचं नाही," मास्तरांनी बायकोला बजावलं आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. "खुर्चीत बसायचं आणि नुसतं बघायचं. अक्कांशी तसंच ठरलंय."

बायको खुर्चीत बसली. दुसरा इलाजही नव्हता, कारण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आठवड्यापूर्वी माळ्यावरचा डबा काढताना ती स्टुलावरून पडली, आणि ही बातमी तिच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या, कानावर गेली. अक्कांनी फोनवरूनच जाहीर केलं, "महिनाभर येते. तुमचं स्वयंपाकघर आता माझ्याकडे."

मास्तर शिंपी होते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. अक्का मागे एकदा चार दिवस राहिल्या होत्या, तेव्हा त्यांनी मास्तरांची कापडाची कात्री उचलून कोंबडीचे तुकडे केले होते. शिंपी त्या कात्रीनं कागदसुद्धा कापत नाही, धार जाते म्हणून. इथे तर हाडं होती. मास्तर दोन दिवस धड जेवले नव्हते. त्यात दुःख किती आणि अक्कांच्या हातचं बिनमिठाचं सूप किती, हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही.

म्हणून परवा फोनवर ते बोलून बसले, "अक्का, तुम्ही कशाला त्रास घेता? स्वयंपाक मी करीन की!"

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग अट आली. रविवारी एक वाजता अक्का जेवायला येणार. मास्तरांनी एकट्यानं, बायकोला एक अक्षरही न विचारता, रांधायचं. अक्कांच्या ताटातलं संपलं तर त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत. उरलं तर महिनाभर मुक्काम आणि राज्य त्यांचं. "बॅग भरूनच येते," त्या म्हणाल्या.

पदार्थ मास्तरांनीच निवडला. खिमा-मॅकरोनी. बायको दर रविवारी करायची आणि मास्तर वर्तमानपत्रात डोकं खुपसून खायचे. त्यात अवघड ते काय? खिमा परतायचा, मॅकरोनी उकडायची, दोन्ही एकत्र करायचं. बटणाची काजं करण्यापेक्षा सोपं.

प्रश्न एवढाच होता की मॅकरोनी किती घ्यायची. तीन माणसांना एक पाकीट पुरेल असं दिसत होतं. पण पाण्यात गेलं की आटतं, हे मास्तरांना एकतीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. कोरं सुती कापड भिजवलं की मीटरमागे दोन बोटं तरी जातातच, आणि हे विसरून जो बेततो त्याचं गिऱ्हाईक पहिल्या धुण्यानंतर भांडायला येतं. इथे तर नुसतं भिजवायचं नव्हतं, चांगलं उकळायचं होतं. मास्तरांनी तीन पाकिटं फोडली. तोकडं पडायला नको म्हणून चौथंही फोडलं.

बायको खोकली.

"खोकायचंही नाही!" मास्तर म्हणाले.

दहा मिनिटांनी पातेल्यावरचं झाकण आपणहून वर उचललं गेलं. मास्तरांनी ते दाबलं. ते पुन्हा वर आलं. झाकण काढून पाहतात तो मॅकरोनी काठाला टेकलेली आणि अजून वाढतच होती. "अगं, ही आटत का नाही?" ते ओरडले. बायकोनं डाव्या हातानं आपलंच तोंड धरलं आणि छताकडे पाहिलं.

मास्तरांनी अर्धी मॅकरोनी दुसऱ्या पातेल्यात काढली. तेही भरलं. मग कुकर भरला, मग कणकेची परात भरली. चार भांडी भरून मॅकरोनी आणि समोर कढईत परतलेला अर्धा किलो खिमा. परातीतल्या मॅकरोनीत तो कालवून पाहिला तर कुठे गेला ते कळेना. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळात बारा वाजले होते.

तेवढ्यात दुकानाच्या दारातून हाक आली, "मास्तर, झाली का माझी पँट?"

पोस्टमन होता. त्याची पँट तीन रविवार 'उद्या नक्की' होती. मास्तर हातातला झारा तसाच घेऊन बाहेर धावले.

"पँट आज देतो. आईशप्पथ. पण आधी सायकल काढा आणि दीड किलो खिमा आणा."

"मी पँट न्यायला आलोय, मास्तर."

"जेवूनही जा!"

पोस्टमननं एकदा मास्तरांकडे, एकदा झाऱ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे सायकल वळवली. माणूस कामाचा होता, वीस मिनिटांत परत आला. मास्तरांनी कांदा, लसूण, टोमॅटो घालून आणलेला खिमा परतला. मीठ बोटाच्या चिमटीनं टाकलं. चिमटीचा अंदाज मात्र त्यांचा पक्का होता, आयुष्यभर खडू धरलेली बोटं ती. वास असा सुटला की पोस्टमन पँटचं विसरला.

मग मास्तर मॅकरोनीकडे वळले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. निथळून पाऊण तास पडलेली मॅकरोनी एकमेकांना चिकटून घट्ट झाली होती. पातेलं उपडं केलं तर पातेल्याच्याच आकाराचा गोळा धप्पकन ओट्यावर पडला. दुसराही तसाच. झाऱ्यानं तुटेना, हातानं सुटेना.

"मास्तर, पावणेएक," पोस्टमन हळूच म्हणाला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हसण्याचं होतं की काळजीचं, ते तिलाही सांगता आलं नसतं. मास्तर त्या गोळ्याकडे पाहत राहिले. आणि मग त्यांच्यातला स्वयंपाकी हरला आणि शिंपी जागा झाला. कापड चुकीचं बेतलं म्हणून कुणी फेकून देतं का? कोट होत नसेल तर जाकीट करायचं!

त्यांनी सुरी घेतली आणि गोळ्याचे बोटभर जाडीचे पदर कापले, एकसारखे, रेषेत. एका पदरावर खिमा पसरला, वर दुसरा पदर ठेवला, कडा दाबल्या. कोटाला आतून अस्तर लावतात तसं. मग तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलं. पहिला तुकडा मोडला. दुसरा उलटला, तो सोनेरी होऊन. बायको खुर्चीतून अर्धी उठली. मास्तर घामानं निथळत होते आणि चक्क शीळ घालत होते.

बरोबर एकला अक्का आल्या. बॅग दारात ठेवली आणि ताटावर बसल्या.

"हे काय? मॅकरोनी अशी असते?"

"आमच्याकडे असते," मास्तर म्हणाले.

अक्कांनी एक घास घेतला. वरचा पापुद्रा कुरकुरला. आत मऊ, त्याच्याही आत रसरशीत खिमा. त्यांनी लगेच दुसरा घास मोडला. तुकडा संपला. दुसरा संपला. पोस्टमन पाचव्यावर होता. अक्कांनी बोटानं ताटाची कड पुसली आणि जरा चोरट्या आवाजात विचारलं, "अजून आहे का?"

"पंधरा माणसांचं आहे!" बायको ओरडली. सकाळपासून कोंडलेला आवाज तो. "बोलू ना आता? अहो, जिंकलात तुम्ही! जिंकलात!"

"हरले मी," अक्का म्हणाल्या. "तुमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही."

मास्तरांनी समाधानानं डोळे मिटले.

"पण बॅग आत घ्या. असं जेवण सोडून घरी जाऊन मी काय सूप पिऊ? महिनाभर राहते. रांधायला नाही, जेवायला."

पोस्टमनचा घास तोंडाशीच थांबला. बायकोनं घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. पण मास्तर रागावले नव्हते. एकतीस वर्षांत शेकडो लोकांनी त्यांचे कपडे घालून आरशात पाहिलं होतं, बाही लांब आहे, कॉलर टोचते, असं सांगितलं होतं. "अजून आहे का?" असं मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांना फार, फार बरं वाटत होतं.

त्यांनी स्वतः उठून अक्कांची बॅग आत नेली. परत आले ते हात पुसतच.

"मग अक्का," ते म्हणाले, "संध्याकाळी काय करू?"