मीठ म्हणजे किती

नागपूरच्या प्रयोगशाळेला मी हृदय पाठवलं आणि मीठ घालायला विसरलो.

हृदय कॉम्प्युटरमधलं. परळच्या आमच्या ऑफिसात आम्ही समीकरणांवर हृदय धडधडवतो. पेशीच्या आतबाहेर कुठला क्षार किती, यावर सगळा खेळ. मी तिथे ‘क्षार नेहमीप्रमाणे’ एवढं लिहून मोकळा झालो. नागपूरकरांनी त्यांच्या नेहमीप्रमाणे घातले. चार ठोके पडले आणि हृदय गप्प. तुमचा निष्कर्ष आमच्याकडे निघत नाही, असं त्यांनी फार सभ्यपणे कळवलं. म्हणजे आमचं सगळं काम खोटं ठरायची वेळ.

आमच्या सीनियर सावंतबाईंनी ते वाचलं आणि मला विचारलं, “नेहमीप्रमाणे म्हणजे किती?”

हा त्यांचा जपच आहे. टॅक्सीवाला ‘जरा पुढे’ म्हणाला, की म्हणजे किती? डॉक्टरांनी दोन-चार दिवस आराम सांगितला, तर दोन की चार? त्या राहतात त्या नायगावात त्यांना हळदीकुंकवाला ‘लवकर या’ असं कुणी म्हणत नाही, सरळ वेळ सांगतात.

बाईंनी मला शेजारी बसवून एकेक आकडा एककासकट लिहवून घेतला. माझ्या कॉम्प्युटरवर हृदय धडधडलं तेव्हा मी खूश झालो. त्या म्हणाल्या, “आपल्या घरात सगळीच पोरं हुशार असतात रे.” मग अकाउंट्समधल्या जुनाट मशीनवर ते चालवून बघितलं आणि मगच नागपूरला धाडलं. तिथेही धडधडलं. बाईंनी खुशीत मला रविवारी जेवायला बोलावलं.

गेलो तर ओट्यावर वजनकाटा आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण. त्यांची आई करायची तसं. आई गेल्यापासून बाई दर रविवारी तेच करून बघतात. आईला कितीदा विचारलं होतं, मीठ किती? ती आपली म्हणायची, चवीपुरता.

“आणि ती चव आता माझ्या एकटीच्या जिभेवर,” बाई कढईकडे बघत म्हणाल्या. “जमलं की नाही, ते ताडून बघायला दुसरं कोण आहे?”

मला भरून आलं. त्यांनी चमचाभर रस्सा माझ्या हातावर घातला. मी डोळे मिटून चाखला आणि म्हणालो, “बाई, जमलं. अगदी आईच्या हातचं. मीठसुद्धा बरोबर.”

“मेल्या,” बाई म्हणाल्या, “मीठ अजून घालूक नाय मी.”